डाव्या हाताचा निरोप

मारेम गेयच्या घराचा जिना तेरा पायऱ्यांचा. त्यातली सातवी पायरी गवंड्याने चार बोटं उंच करून ठेवली होती. मारेमच्या नवऱ्याने त्याला तेव्हाच शिव्या घातल्या होत्या, पण पायरी तशीच राहिली. पुढे नवरा गेला, गवंडीही गेला, पायरी आहे. घरातल्या माणसाचा पाय तिथे आपसूक जास्त उचलतो. परका माणूस हमखास ठेचकाळतो. त्यामुळे दुपारी चटईवर डोळे मिटून पडलं असलं तरी वर जाणारं माणूस घरचं आहे की बाहेरचं, हे मारेमला पडल्या पडल्या कळायचं.

कोरिन जानेवारीत आली आणि सातव्या पायरीवर पालथी पडली.

"पडलीस? छान," मारेम खालून म्हणाली. "उठ आता. वर गच्चीत मेंढी आहे, तिला घाबरू नकोस. तिला कळतं कोण घाबरतंय ते."

कोरिन वीस वर्षांची, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ गावातली. कॉलेजचे सहा महिने डाकारात काढायचे, समुद्रकाठच्या योफ वस्तीत एका घरात राहायचं, शेवटी एक निबंध लिहायचा आणि परत जायचं, असा तिचा बेत होता. अशा पोरी मारेमकडे चार वर्षं येत होत्या. एक गेली की दुसरी. जाताना सगळ्या रडत, पत्र लिहीन म्हणत, आणि दोन ईदनंतर त्यांचे फोन बंद होत. मारेमला त्याचं काही वाटत नसे. निदान ती तसं म्हणत असे.

वरची खोली मारेमच्या मुलीची, सुकैनाची. सुकैनाही अशीच शिकायला गेली होती. विद्यापीठात पोर्तुगीज शिकत होती, तिला लिस्बनला पाठवलं, सहा महिन्यांसाठी. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. तिथे तिचं वेण्या घालायचं दुकान होतं. रविवारी फोन करायची आणि दर वर्षी म्हणायची, "याय, पुढच्या वर्षी नक्की." आईला तिकडे याय म्हणतात. कोरिननेही तिसऱ्या दिवसापासून मारेमला याय म्हणायला सुरुवात केली. मारेमने तिला दोनदा "मॅडम म्हण" असं सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

पहिल्याच जेवणाला घोटाळा झाला. मासे-भाताचं मोठं थाळं मधे, भोवती सगळे, आणि कोरिनने डावा हात भातात घातला. सून यांदेच्या हातातला घास हातातच राहिला.

"तो हात बाहेर काढ," मारेम म्हणाली. "त्या हाताने काय करतात ठाऊक आहे ना?"

"याय, मी डावखुरी आहे. लिहिते पण डाव्यानेच."

"लिही बापडी. कागदाला काय कळतंय. भाताला कळतं."

मग कोरिन उजव्या हाताने जेवायला शिकली. पहिले पंधरा दिवस भात तिच्या मांडीवर जास्त आणि तोंडात कमी जायचा. मारेम माशाचा चांगला तुकडा तोडून तिच्या बाजूला सरकवायची आणि दुसरीकडे बघायची. चूक पकडल्यासारखं तोंड करून प्रेम करायची तिची पद्धत होती, काय करणार.

फेब्रुवारीत वाळवंटाकडून धूळ आली. दर वर्षी येते. मग समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ पुसली जाते, नावा पाण्यावर आहेत की हवेत लटकल्या आहेत ते कळत नाही, आणि मशिदीची बांग कुठून तरी उशीतून आल्यासारखी येते. त्या दिवसांत अख्खी वस्ती अर्धवट झोपेत असते. मारेम दुपारी जिन्याखाली चटई टाकून पडायची. कधी नवरा जाळं खांद्यावर घेऊन आत यायचा, कधी सुकैना सात वर्षांची होऊन गुळाचा खडा मागायची. मारेम त्यांच्याशी बोलायची आणि आपण बोलतोय हेही तिला कळायचं. उठून बघावं असं वाटायचं नाही. उठलं की माणसं जातात, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

अशाच एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. भरभर, हलकी. मारेम मोजत नव्हती, कानच मोजत होते. पाच, सहा, आणि सातव्या पायरीवर पाऊल अडखळलं नाही. नीट उचललं, टेकलं, वर गेलं.

"सुकैना," मारेम डोळे न उघडता म्हणाली, "मेंढीला पाणी ठेव गं."

वरून बादलीचा आवाज आला. "ठेवलं, याय!"

आवाज कोरिनचा होता. मारेम डोळे उघडून जिन्याच्या खालच्या बाजूकडे पाहत पडून राहिली. रंगाचे पोपडे निघाले होते. तिला पोरीचा राग आला, आणि राग येण्यासारखं तिने काही केलेलं नव्हतं म्हणून आणखीच आला.

कोरिनच्या निबंधाचा विषय ऐकून गल्ली हसून हसून बेजार झाली होती. ती लिहिणार होती गल्लीतली माणसं एकमेकांना भेटल्यावर काय बोलतात त्यावर. वही घेऊन ती समोरच्या इबा सेकच्या दुकानात बसायची. इबा शिंपी, साठीचा, जिभेला हाड नसलेला. त्यात तो सेक आणि मारेम गेय. सेक आणि गेय आडनावांत थट्टेचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. एकमेकांना खादाड म्हणायचं, आमचे नोकर म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही.

"शांतता आहे ना?" इबा रोज सकाळी मशीनवरूनच ओरडायचा.

"शांतताच आहे," मारेम दारातून म्हणायची.

"घरची मंडळी?"

"ती तिथेच आहेत."

"यांदे?"

"ती तिथेच आहे."

"सुकैना?"

"ती तिथेच आहे."

"मेंढी?"

"मेंढी तिथेच आहे. तुझ्या घरी जेवायला गेली नाही अजून."

"गेयांच्या घरातली मेंढी, ती! आम्हाला काय उरवणार?"

कोरिन हे सगळं डाव्या हाताने उतरवून घ्यायची. एकदा तिने विचारलं, "याय, सगळे 'तिथेच आहे' म्हणतात. आजारी असला तरी. दूर गेला असला तरी. खरं कुणी का सांगत नाही?"

"खरं मागाहून सांगायचं असतं, बसल्यावर. दारात उभं राहून कोणी खरं सांगतं का?"

हे कोरिनला फार आवडलं. तिने त्याखाली दोन रेघा मारल्या.

एप्रिलमध्ये इबाचा मुलगा जिब्रिल परदेशी, लिब्रव्हिलला निघाला. ट्रक चालवायचं काम मिळालं होतं, दोन वर्षांचा करार. गल्ली दारात जमली. कोरिन वही घेऊन उभी होती, आणि तिने पाहिलं की जो तो जिब्रिलला डावा हात देतोय. इबाने दिला, त्याच्या बायकोने दिला, मारेमने दिला. ज्या हाताने साधी सुपारी कुणाला द्यायची नाही, तो हात एकामागून एक पुढे होत होता.

गाडी गेल्यावर कोरिन इबाजवळ जाऊन बसली. इबा चहाच्या छोट्या किटलीकडे बघत होता.

"डावा का?" तिने हळूच विचारलं.

"चुकीचा हात आहे म्हणून," इबा म्हणाला. "लांब जाणाऱ्याला मुद्दाम चुकीचा हात द्यायचा. मग चूक दुरुस्त करायला त्याला परत यावं लागतं. उजवा दिला की झालं, हिशेब मिटला. मग तो कशाला येतोय?"

संध्याकाळी गच्चीत मारेम मेंढीपुढे भुईमुगाचा पाला टाकत होती. धूळ बसली होती, समुद्र पुन्हा निळा झाला होता. कोरिन पायरीवर वही घेऊन बसली.

"म्हणजे सुकैना गेली तेव्हा तू तिला डावा हात दिला असशील, याय."

"हो," मारेम म्हणाली.

कोरिनने लिहिलं. मारेमने त्या चालणाऱ्या पेनाकडे पाहिलं. तेवढंच.

पण ते एवढंसं "हो" तिला खाऊ लागलं. गेली नऊ वर्षं तिला याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून खोटंही बोलावं लागलं नव्हतं. आता ते कागदावर गेलं होतं, ती पोरगी ते विमानात घालून समुद्रापार नेणार होती, कुणी प्राध्यापक ते वाचणार होता. मारेम तीन दिवस कोरिनशी धड बोलली नाही. चौथ्या दिवशी कोरिन कपडे वाळत घालत होती तिथे जाऊन उभी राहिली.

"ती वही आण."

"काय झालं, याय?"

"आण म्हणते ना."

वही आली. मारेमला त्यातलं अक्षर लागत नव्हतं, पण पान तिने बरोबर काढलं, त्यावर चहाचा डाग होता.

"हे खोड. मी तिला उजवा दिला होता."

मारेम दोरीवरचा एक कपडा पिळत राहिली, त्यातलं पाणी कधीच निघून गेलं होतं.

"तिचं लग्न ठरलं होतं. माणूस चांगला होता, रुफिस्कचा. ही म्हणाली, सहा महिने थांबवा, शिकून येते. मी म्हटलं, जायचं तर जा. सगळ्यांनी डावा दिला. मी उजवा पुढे केला. लोकांना वाटलं, म्हातारी रडतेय, हात कुठला ते तिला कळलं नाही. मला चांगलं कळत होतं." ती थांबली. "तिला कळलं की नाही, ते मला ठाऊक नाही. आणि विचारायचा धीर होत नाही. नऊ वर्षं फोनवर मी तिला भाताबद्दल विचारते."

"ती त्यामुळे येत नाही, असं तुला वाटतं?"

"वाटत नाही. आहेच तसं."

कोरिनने "हो" खोडलं. पुढे काय लिहावं ते तिला सुचेना, म्हणून तिने ती जागा मोकळी ठेवली.

जून महिना आला. आंबे आले, निबंध पुरा झाला, गल्लीतल्या पोरांनी कोरिनला शिकवू नयेत ते शब्द शिकवून झाले. यांदे सांगायची की कोरिन आता झोपेत इथली वोलोफ भाषा बोलते, भाजीवाल्याशी भांडते. मारेमने स्वतः ऐकलं नव्हतं. पण पहाटे नमाजाला उठली की ती जिन्यापाशी घटकाभर उभी राहायची. वर पोरगी झोपली आहे, मेंढी झोपली आहे, समुद्र गल्लीच्या टोकाशी येऊन परत जातोय. कुणी कुठे गेलेलंच नाही असं त्या वेळी वाटायचं, आणि ते खोटं आहे हे कळत असूनही तिला फार बरं वाटायचं.

कोरिन लिस्बनवरून जाणार आहे, हे तिला निघायच्या आठवडाभर आधी कळलं. विमान बदलायला तिथे नऊ तास थांबायचं होतं. मारेम "अस्सं" म्हणाली आणि कांदे चिरायला बसली. त्या आठवड्यात तिने इतके कांदे चिरले की यांदे म्हणाली, "याय, लग्न आहे का कुणाचं?"

निघायच्या दिवशी दुपारची नमाज झाली आणि पांढरी गाडी दारात आली. बॅगा खाली आल्या. इबा आला, त्याची बायको आली, शेजारपाजार आला. सगळ्यांनी कोरिनला डावा हात दिला. ती रडत होती, हसत होती आणि नाक पुसत होती. इबा म्हणाला, "जा बाई. सहा महिने गेयांचा भात संपवलास, आता अमेरिकेचा संपव."

मारेम शेवटी पुढे झाली. डावा हात दिला. कोरिनने तो आपल्या डाव्याने धरला, आणि मारेमने तिचा हात सोडलाच नाही.

"हा तुझा नाही," ती म्हणाली. "हा सुकैनाचा आहे. नऊ वर्षांपूर्वी द्यायचा होता. तू नेऊन दे."

यांदेने तोंडावर हात ठेवला. इबाला सगळं एका क्षणात कळलं असावं, कारण तो एकदम आपल्या चपलांकडे बघायला लागला.

"तिच्या हातात देईपर्यंत या हाताने काही धरायचं नाही," मारेम म्हणाली. "बॅग नाही, पेन नाही, पाण्याचा ग्लास नाही. कुणाला द्यायचा नाही. जसा दिला तसा पोचला पाहिजे."

"याय, मी डावखुरी आहे," कोरिन रडवेल्या आवाजात म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्याकडे देतेय. दुसरीचा डावा रिकामाच असतो, तिच्या लक्षात तरी राहिला असता का?"

इबा दुकानात गेला आणि पांढऱ्या सुती कापडाची पट्टी फाडून घेऊन आला. कोरिनची मूठ मिटवली, तिच्यावर पट्टी गुंडाळली आणि मनगटापाशी शिंप्याची बारीक गाठ मारली. हात बांधताना त्याने एकही विनोद केला नाही. मारेमने कागदावर सुकैनाचा पत्ता यांदेकडून लिहवून घेतला आणि तो पोरीच्या उजव्या हातात दिला.

गाडीत बसता बसता कोरिन वळली. "मग माझा, याय? मला डावा नाही?"

"तुला कशाला हवा? सातव्या पायरीवर तू आता पडत नाहीस."

गाडी गेली. मारेम आत आली, जिन्याखाली चटई टाकली आणि पडली. झोप लागली नाही. तिला आपला डावा हात जरा हलका वाटत होता. असं काही नसतं, हे तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी भात चुलीवर असताना फोन वाजला. रविवार नव्हता. मारेमने फोन कानाला लावला. पलीकडे केस वाळवायच्या यंत्राची घरघर होती, कुणी बाई पोर्तुगीजमध्ये काही विचारत होती.

"याय," सुकैना म्हणाली. "ही कोण पोरगी आलीय? हाताला फडकं बांधून. दारात उभी राहिली आणि म्हणाली, आधी कंगवा खाली ठेव. मला वाटलं, हात मोडलाय हिचा."

"मग?"

"विमानतळावर पोलिसांनी पट्टी सोडायला लावली म्हणे. तिने सोडली, मूठ नाही उघडली, आणि पट्टी पुन्हा बांधून घेतली. त्यांनी काय काय विचारलं असेल देव जाणे. फॉर्म उजव्या हाताने लिहिला, स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नाही त्यात." सुकैना हसली, आणि हसताना तिचा आवाज मधेच फाटला. "मग तिने माझा डावा हात धरला, याय. आणि सोडेचना. तिचा हात घामाने भिजला होता."

चुलीवर भात खदखदत होता.

"मला वाटत होतं तुला कळलं नसेल," ती कशीबशी म्हणाली.

"मला कळलं नसेल?" सुकैना म्हणाली. "याय, गाडीपर्यंत जाताना मी तीनदा मागे वळून पाहिलं. म्हटलं, रागात दिला असेल, आता हाक मारेल, हात बदलेल. तू आत निघून गेलीस."

"हो," मारेम म्हणाली. "गेले."

पलीकडची बाई पुन्हा काही विचारू लागली, सुकैनाने तिला थांब म्हटलं असावं.

"आता या हाताचं मी काय करू?" सुकैनाने विचारलं.

"काय करतात? परत आणून देतात."

"जुलैमध्ये दुकान पंधरा दिवस बंद असतं."

"पुढच्या वर्षी म्हणालीस तर फोन ठेवते."

"या जुलैमध्ये, याय. याच." मग ती घाईघाईने म्हणाली, "भात करपतोय का तुझा? मला इथे वास येतोय." वास येणं शक्य नव्हतं, पण भात खरंच करपत होता.

मारेमने पातेलं उतरवलं. डोळे पुसले आणि बाहेर दारात येऊन उभी राहिली. समोर इबा मशीनवर बसला होता. काल त्याने एकही टाका घातला नव्हता, असं त्याची बायको सांगत होती. मारेमला पाहून त्याने मान वर केली. काही विचारायचं त्याच्या मनात होतं आणि ते सरळ विचारायचा त्याला धीर नव्हता, म्हणून त्याने रोजचंच सुरू केलं.

"शांतता आहे ना?"

"शांतताच आहे."

"घरची मंडळी?"

"ती तिथेच आहेत."

"यांदे?"

"ती तिथेच आहे."

इबाने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "सुकैना?"

मारेमने तोंड उघडलं. नऊ वर्षांचं उत्तर जिभेवर होतं, ते बाहेर येईना.

"ती येतेय," मारेम म्हणाली.

इबा पाहत राहिला. अशा उत्तरापुढे काय म्हणायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. साठ वर्षांत त्याला ते लागलंही नव्हतं. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. पण दारातली विचारपूस अर्धी सोडायची नसते.

"आणि मेंढी?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"मेंढी तिथेच आहे," मारेम म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसून मोठमोठ्याने रडायला लागली.